ज्याच्या नावावर गुण लागत नाही

बेलापूर म्हटले की महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे नव्या मुंबईतले सिडकोचे बेलापूर येते. नगर जिल्ह्यातले प्रवरेकाठचे, उसाच्या मळ्यांमधले बेलापूर त्यांच्या लेखी नसतेच. त्यातही गंमत अशी, की दौंड-मनमाड लोहमार्गावर बेलापूर या नावाने ओळखले गेलेले स्टेशन प्रत्यक्षात उभे आहे ते श्रीरामपुरात. गाडी थांबते एका गावात आणि पाटी दुसऱ्या गावाची! प्रवाशाचे त्यात काही बिघडत नाही. पण नाव एकाचे आणि कष्ट दुसऱ्याचे अशी वाटणी माणसांच्या बाबतीत होऊ लागली, की तिच्याकडे हसण्यावारी पाहून चालत नाही. खेळाच्या मैदानावर तर ही वाटणी रोजच होते आणि तिची किंमत कोणाच्या तरी गुडघ्यांना, कोणाच्या तरी डोक्याला मोजावी लागते.

याच श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानच्या अस्लम इनामदारने या भागाचे नाव कबड्डीत देशभर नेले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे आपले पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा संघाचा कर्णधार अस्लमच होता. त्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण त्या संघाच्या बचावफळीत संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री हेही उभे होते. अवघ्या तीन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात प्रत्येक पकड सोन्याच्या मोलाची असते. तरीही ही तीन नावे आपल्यापैकी किती जणांच्या ओठांवर आहेत?

चढाईपटू एकटा जातो. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असतात. त्याने हात लावला की गुण, बोनस रेषा ओलांडली की गुण. समोरचे सात जण मात्र साखळी धरून उभे असतात. कोपऱ्यातला खेळाडू चवडा धरतो, तेव्हा मध्यरक्षक अंग टाकून वाट अडवतो. दोघेतिघे मिळून चढाई करणाऱ्याला जमिनीवर दाबून धरतात. दम सुटतो, शिट्टी वाजते. गुणपत्रकात पकड बहुधा एकाच्या नावावर लिहिली जाते. ज्याने वाट अडवली नसती तर चवडा सुटलाच असता, त्याच्या नावापुढची चौकट कोरी राहते.

ही कोरी चौकट ज्या खेळात एका माणसाच्या उभ्या कारकिर्दीचा नियमच होऊन बसली आहे, तो खेळ आपल्यापासून फार दूरचा आहे. अमेरिकन फुटबॉल. नावात फुटबॉल असला तरी त्यात चेंडू मुख्यतः हातानेच खेळवतात आणि तो चेंडूही लांबट असतो. अकरा-अकरा जण समोरासमोर उभे राहतात. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. एकेक डाव काही सेकंदांचा. हल्ला करणाऱ्या संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू घेऊन मागे सरतो, पुढे पळणारा सहकारी हेरतो आणि चेंडू फेकतो. हे हेरायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात त्याला आडवे पाडायला समोरून अवाढव्य गडी धावून येतात. त्यांना ते दोन-तीन सेकंद थोपवून धरण्यासाठी क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची भिंत असते. हेच लाइनमन. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल.

या पाच जणांची गत पाहण्यासारखी आहे. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, तेवढाच काय तो या भिंतीचा चेंडूशी संबंध. एरवी पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभाही नियम त्यांना देत नाहीत. तसे करायचे असेल तर आधी पंचांना सांगावे लागते. त्यांच्या नावावर गुण लागत नाहीत, धावा लागत नाहीत, झेल लागत नाहीत. त्यांचे काम उत्तम झाले याची खूण एकच, ती म्हणजे काहीही घडले नाही. आणि चूक झाली, प्रतिपक्षाच्या खेळाडूला नियमाबाहेर धरून ठेवले, की पंच ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला त्यांच्या पाठीवरचा क्रमांक ऐकवतात आणि संघाला दहा यार्डांचा दंड होतो. कितीतरी लाइनमनांचा उल्लेख पूर्ण सामन्यात एकदाच होतो आणि तो असा!

जो थॉमसचे उदाहरण घ्या. २००७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाने खेळाडू निवडीच्या पहिल्याच फेरीत, तिसऱ्या क्रमांकावर त्याला घेतले. त्या काळी अशा दिवशी नवे खेळाडू न्यूयॉर्कच्या झगमगाटात मिरवत. हा गडी वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत बसला होता. पुढची अकरा वर्षे तो त्याच संघाचा डावा टॅकल. पहिल्या दिवसापासून ऑक्टोबर २०१७ पर्यंत त्याने ओळीने १०,३६३ डाव खेळले, मधला एकही चुकवला नाही. मग दंडाचा स्नायू फाटला आणि मालिका थांबली. या काळात त्याच्या पाठीमागे सुमारे वीस क्वार्टरबॅक आले आणि गेले. त्याचा संघ विजेतेपदाच्या बाद फेरीत एकदाही पोचला नाही. २०१७ च्या हंगामात तर सोळाच्या सोळा सामने हरला. पराभूत संघाचा आणि कोणी न पाहिलेल्या कामाचा हा मानकरी. २०२३ मध्ये त्याला त्या खेळाच्या सर्वोच्च सन्मानमंडळात, हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. ज्यांना खेळ कळतो त्यांनी मोजमाप चुकू दिले नाही, ही समाधानाची गोष्ट.

पण हे मोजमाप आपोआप आलेले नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला लॉरेन्स टेलर या प्रतिस्पर्ध्याने आडवे पाडले. थाइसमनच्या पायाची हाडे मोडली आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्या रात्री संघाचा नेहमीचा डावा टॅकल दुखापतीमुळे खेळत नव्हता. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याला आपली डावी बाजू दिसत नाही. तिथून येणारा घाव त्याच्या पाठीवर पडतो. ही न दिसणारी बाजू राखणारा माणूस किती मोलाचा, याचा हिशेब संघमालक मांडू लागले. १९९३ मध्ये करार संपलेल्या खेळाडूंना हव्या त्या संघाकडे जाण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा डाव्या टॅकलचे भाव कडाडले. काही वर्षांतच त्याचे मानधन क्वार्टरबॅकच्या खालोखाल जाऊन पोचले. मायकेल लुइस या लेखकाने २००६ मध्ये या स्थित्यंतरावर एक पुस्तकच लिहिले आणि ते गाजले.

तेव्हा कोणी म्हणेल, बाजाराने न्याय केलाच की! उशिरा का होईना, केला. त्यात तथ्य आहे. पण बाजाराने किंमत केली ती राखणाऱ्याची की राखल्या जाणाऱ्याची, हाही प्रश्न आहे. महागड्या क्वार्टरबॅकचा पाय वाचवायचा म्हणून डाव्या टॅकलला पैसे मिळाले. खुद्द त्या टॅकलचे डोके कोण वाचवणार, हे त्या भावात धरलेले नव्हते.

ते कोणी धरले नव्हते, याचा पुरावा म्हणजे माइक वेबस्टर. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हा सेंटर. १९७४ ते १९९० असे सतरा हंगाम तो खेळला, चार सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा कणा होता, १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. प्रत्येक डावात डोके खाली घालून समोरच्या धिप्पाड माणसावर आदळायचे, हेच त्याचे काम. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, चित्त थाऱ्यावर राहीना, संसार मोडला, कित्येक रात्री त्याने आपल्या मोटारीत झोपून काढल्या. २००२ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वरचेवर बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू कसा झिजत जातो, हे २००५ मध्ये जगापुढे मांडले. लीगने आधी ते नाकारले. पुढे हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये शंभर कोटी डॉलरच्या घरातली तडजोड न्यायालयाने मान्य केली. वेबस्टरला त्याचा काय उपयोग?

ज्यांच्या वाट्याला अशी शोकांतिका येत नाही, त्यांचेही आयुष्य सोपे नसते. या भिंतीत उभे राहायचे तर वजन १४० किलोच्या आसपास हवे. ते अंगावर आपसूक चढत नाही. खाणे हाही नोकरीचाच भाग होतो. निवृत्तीनंतर जो थॉमसने वीस-पंचवीस किलो वजन उतरवले, तेव्हा लोकांना तो ओळखू येईना. गुडघे, कंबर, खांदे यांची दुखणी जन्माची सोबत करतात. आणि हे सारे किती वर्षांसाठी? या लीगमधल्या खेळाडूची सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची, असे तिथली खेळाडूंची संघटनाच सांगत आली आहे. आपल्याकडे मुलगा पदवीधर होऊन कायम नोकरीत लागेपर्यंत जेवढा काळ जातो, तेवढ्यात तिथला गडी आपली कारकीर्द आटोपून घरी परततो.

या भिंतीत आपल्या रक्ताचा माणूसही उभा राहून गेला आहे. फिजीत जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला, भारतीय वंशाचा बॉबी सिंग हा गार्ड. १९९९ च्या हंगामात सुपर बोल जिंकणाऱ्या सेंट लुइस रॅम्सच्या ताफ्यात तो होता. पुढे २००१ मध्ये एक्सएफएल या दुसऱ्या लीगचे विजेतेपद आणि २००६ मध्ये कॅनडाचा ग्रे कप जिंकणाऱ्या संघांतही तो खेळला. तीन लीगची तीन विजेतेपदे! एखाद्या भारतीय वंशाच्या फलंदाजाने परदेशात अर्धशतक ठोकले तरी आपण पहिल्या पानावर छापतो. बॉबी सिंगचे नाव तुम्ही यापूर्वी ऐकले होते का? तो चेंडू घेऊन पळाला असता, तर कदाचित ऐकले असते.

हा खेळ महाराष्ट्राच्या नावानेही एकदा खेळला गेला. २०१२ मध्ये भारतात अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग सुरू करण्याचा प्रयत्न झाला. सामने कोलंबोत खेळवले गेले, दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि विजेता ठरला तो पुणे मराठाज हा संघ. पुढे ती लीग मूळ धरू शकली नाही. खेळ रुजायला माती लागते आणि मातीतला आपला खेळ कबड्डी. म्हणून लाइनमनच्या कारकिर्दीतून काही शिकायचे, तर ते कबड्डीच्या मैदानावर शिकले पाहिजे.

एक गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे. आपल्या गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत बक्षीस समारंभाला उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन वेगळी बक्षिसे पूर्वापार दिली जातात. चढाईपटूइतकाच मान पकड करणाऱ्यालाही हवा, हे आपल्या खेड्यांतल्या आयोजकांना कोणी परदेशी तज्ज्ञाने शिकवले नव्हते. बाजाराला ते कळायला वेळ लागला. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ मध्ये लिलावात पहिल्यांदा एक कोटीचा आकडा गाठला तो इराणच्या फझल अत्राचलीने. आणि तो डाव्या कोपऱ्यावर उभा राहणारा, चवडा काढणारा खेळाडू. २०२३ मध्ये इराणचाच मोहम्मदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे आला. त्याचीही खरी ओळख पकडीसाठी. अमेरिकेत डाव्या टॅकलचे झाले, तेच इथे कोपऱ्याच्या खेळाडूचे झाले.

मात्र कोपऱ्याचे भाग्य उजळले तरी साखळी अंधारातच राहिली. त्याच लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत नऊ लाख होती, आणि तिथपर्यंतही न पोचणारे हजारो खेळाडू आपल्या तालुक्यांत आहेत. पूर्वी चांगल्या कबड्डीपटूला रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्र, एअर इंडिया यांच्या संघांत जागा मिळे. त्याची कारकीर्द म्हणजे नोकरी होती. गुडघा गेला तरी टेबल राहत असे, महिन्याचा पगार येत असे, मुलांची शाळा सुटत नसे. आता झगमगाट आला, पैसाही आला. पण तो कराराचा पैसा. खुद्द अस्लम इनामदारला विजेतेपदानंतरच्याच हंगामात, २०२४ मध्ये, गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर बसावे लागले. त्याच्या मागे संघ होता, उपचार होते. तो परतला आणि २०२५ मध्ये त्याने संघाला पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत नेले. तिथे दिल्लीकडून ३१-२८ अशी हार झाली, पण परतणे झाले. हाच गुडघा तालुका स्पर्धेत खेळणाऱ्या एखाद्या मध्यरक्षकाचा गेला असता, तर? शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी घरातले काय विकायचे, हाच पहिला प्रश्न असता.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यांना सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिली गोष्ट गुणलेखकांसाठी. पकड झाली की जो धरतो त्याच्या नावाबरोबर ज्याने साथ दिली त्याचेही नाव लिहा. वहीत एक रकाना वाढेल, एवढेच. स्पर्धा संपताना उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांच्या जोडीला उत्कृष्ट साथ असे तिसरे बक्षीस द्या. बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून साजरा करतो. बुवांनी या खेळासाठी देह झिजवला तो पडद्यामागे राहूनच. त्या दिवशी अशा साथ देणाऱ्यांचा सत्कार झाला तर तो बुवांनाही आवडला असता.

दुसरी गोष्ट आयोजकांसाठी. मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे हारतुरे आणि ढाल यांचा खर्च आपण हौसेने करतो. त्याच पावतीपुस्तकातून मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा उतरवावा. पहिल्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी झाली तर स्पर्धेची शान कमी होणार नाही. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला पाणी मारून पुन्हा आत पाठवण्याची आपली जुनी मर्दुमकीही आता सोडली पाहिजे. वेबस्टरच्या मेंदूने जो धडा शिकवला, तो अमेरिकेपुरता नाही.

तिसरी गोष्ट आईवडिलांसाठी, आणि ती सर्वांत अवघड. मुलगा किंवा मुलगी कबड्डीत नाव काढील असे वाटले, तर जरूर खेळू द्या. पण शाळा-कॉलेज सुटू देऊ नका. महाराष्ट्र शासनाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्या जागेवर बसायलाही परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात. आणि तुमचा मुलगा घरी येऊन म्हणाला, की आज मी एकही गुण मिळवला नाही, पण आम्ही जिंकलो, तर त्याला लगेच चढाई करायला सांगू नका. कोणत्या पकडीत तू साथ दिलीस, असे विचारा. त्या प्रश्नातून त्याला कळेल, की आपले काम घरात कोणीतरी मोजते आहे.

यावर एक आक्षेप येईल. जो मनापासून साथ देतो त्याला नावाची हाव नसते, मग हा खटाटोप कशाला? हे म्हणणे ऐकायला गोड आहे, पण त्यात आपली सोय दडलेली आहे. घरात पहाटे उठून डबे करणाऱ्या बाईबद्दल, कारखान्याच्या बॉयलरपाशी रात्रपाळी करणाऱ्या माणसाबद्दल, नांगराला लागून चालणाऱ्या बैलांच्या जोडीबद्दलही आपण असेच म्हणत आलो. त्यांना नाव नको असेल. पण त्यांची नोंद नको असे कसे म्हणता येईल? नोंद नसली की हिशेब नसतो, आणि हिशेब नसला की दुखापतीच्या दिवशी देणेही कोणी लागत नाही. वेबस्टरच्या बाबतीत झाले ते हेच. त्याने थोपवलेले घाव कोणी लिहून ठेवले नव्हते.

उसाचा हंगाम मध्यावर आला, की आपल्या भागात यात्रा-जत्रांचे आणि त्याबरोबर कबड्डीचे दिवस येतात. या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहिलात, तर एवढे करून पाहा. एक चढाई चढाईपटूकडे न पाहता बघा. डाव्या कोपऱ्याच्या शेजारी हात धरून उभा असलेला खेळाडू निवडा आणि तीस सेकंद फक्त त्याचे पाय पाहा. तो कधी पुढे सरकतो, कधी थांबतो, साथीदाराने झेप घेताच कोणती वाट बंद करतो, हे ध्यानात घ्या. शिट्टी वाजल्यावर गुण दुसऱ्याच्या नावावर लागेल. लागू द्या. तुम्ही मात्र त्याचे नाव शेजाऱ्याला विचारून घ्या.